फोगल साहेबाचे भाऊबंद

माझा धंदा पूर्वजांचा आहे. म्हणजे पूर्वजांकडून चालत आलेला नव्हे. पूर्वज शोधायचे, त्यांना ओळीने उभं करायचं आणि स्टॅम्पपेपरवर उतरवून द्यायचं, असा. तहसील कचेरीसमोर टिनाच्या शेडमध्ये माझं एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन आहे. बाहेर पाटी आहे: ‘जीवन नंदागवळी. सर्व प्रकारचे दाखले, वंशावळ, प्रतिज्ञापत्र.’ गेल्या अठरा वर्षांत मी निदान सातशे घराण्यांच्या वंशावळी काढल्या असतील. पार लाखांदूरहून लोक एसटी बदलत माझ्याकडे येतात.

आपल्याकडे माणसाला स्वतःची जात माहीत असते, शेजाऱ्याला माहीत असते, आणि सोयरीक जुळवणाऱ्याला तर चार पिढ्यांची पाठ असते. फक्त सरकारला माहीत नसते. सरकारला कागद लागतो, आणि आमच्यासारख्यांचा तर १९५० च्या आधीचा. ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते, त्यांच्याकडे सरकार त्या काळचा शाळेचा दाखला मागतं. मी याच्यावर पोट भरतो, म्हणून जास्त बोलत नाही.

पण त्या वर्षी बोलायची पाळी आली. माझी पोरगी रुचिता बारावीला तालुक्यात दुसरी आली. नागपूरच्या सरकारी कॉलेजात तिचा इंजिनिअरिंगला नंबर लागला. अट एकच: बारा ऑगस्टपर्यंत जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नाही तर जागा गेली. आणि सातशे घरांचे पणजोबा शोधून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरीचा पणजोबा सापडेना. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

पणजोबाचं नाव आडकू. करडी गावात १९१२ साली जन्मला, हे घरात सगळ्यांना ठाऊक. शाळेचं तोंड पाहिलं नाही, जमीन नव्हती, म्हणून सातबाऱ्यावर नाव नाही. माझा बाप मामाकडे कारध्याला राहून चौथी शिकला. तिथलं रजिस्टर एका वर्षी वैनगंगेने नेलं. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर गुरुजींनी मोठ्या अभिमानाने नुसतं ‘बौद्ध’ लिहिलं आहे. गुरुजींचा अभिमान पडताळणी समितीला पुरत नाही. आमच्या घराण्यात कोणी पूर्वी पडताळणी केलेली नव्हती. राहिली ती एकच जागा: गावच्या कोतवालाची जन्म-मृत्यूची वही. तिच्यात नाव असतं, बापाचं नाव असतं आणि जातीचा रकाना असतो.

आता ती वही कुठे? नव्व्याण्णव साली जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला. त्या वेळी खुर्च्या मोजून वाटल्या, पंखे मोजून वाटले, आणि जुन्या कागदांचे बस्ते मात्र हाताला येतील तसे ट्रकमध्ये टाकले. करडी इकडे राहिली, करडीचा बस्ता तिकडे गेला. मी इकडच्या कचेरीत अर्ज केला, उत्तर आलं: ‘सदर बस्ता नवनिर्मित जिल्ह्याकडे वर्ग.’ तिकडच्या कचेरीत अर्ज केला, उत्तर आलं: ‘सदर बस्ता आढळून येत नाही.’ दोन्ही उत्तरांवर सही-शिक्के एकदम स्वच्छ होते. जून असाच गेला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तहसीलचे बडे बाबू मारोतराव स्वतः माझ्या शेडमध्ये आले. मारोतराव म्हणजे नियमाच्या बाहेर शिंकणार नाही असा माणूस. अठरा वर्षांत ते प्रथमच रस्ता ओलांडून इकडे आले होते. हातात एक पत्र, आणि पत्राच्या कडेला वरपासून खालपर्यंत शेरे: ‘तात्काळ’, ‘अति तात्काळ’, ‘व्यक्तिशः लक्ष घालावे’.

“जीवन, तू वंशावळीचा माणूस,” ते म्हणाले. “हे काम तुलेच करा लागते. वरून फोनवर फोन येऊन राहिले.”

पत्र ऑस्ट्रेलियाहून आलं होतं. पीटर फोगल नावाचे एकाहत्तर वर्षांचे निवृत्त दाताचे डॉक्टर. त्यांचा पणजोबा योहान फोगल १८७४ साली जर्मनीतून करडीला आला, बायको घेऊन राहिला, कोशाचा, म्हणजे रेशमाच्या कोशांचा व्यापार केला, आणि वीस वर्षांनी सगळं आवरून ऑस्ट्रेलियाला गेला. फोगलसाहेबांचे आजोबा ओटो करडीतच जन्मले, १८८६ साली. त्यांच्या जन्माची नोंद डोळ्यांनी पाहावी आणि जमलं तर नक्कल न्यावी, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. पुरावा कसलाही जोडला नव्हता. ‘आमच्या घरात असं सांगतात,’ एवढंच लिहिलं होतं, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या साहेबांनी ते खरं मानलं होतं.

मला आधी राग आला. आमच्याही घरात असं सांगतात, पण आमचं कोण ऐकतो? मग वर्ष वाचलं आणि राग जागच्या जागी थंड झाला. करडी, १८८६. तोच बस्ता. १८८० ते १९१५ ची एकच वही. साहेबाचा आजोबा सापडला तर माझा आजोबा पंचवीस-तीस पानं पुढे बसलेला असणार. मी मारोतरावांना स्वतःच्या हाताने चहा दिला.

“नमुना भरा लागन,” मारोतराव म्हणाले.

“कोणता नमुना?”

“वंशावळीचा. तुले का नवीन हाय? जुन्या नोंदीची नक्कल पायजे त नमुना तीनच्या संगं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागते.”

“अहो, तो जातीच्या कामासाठी आहे. साहेबाला आजोबाचं नाव पाहायचं आहे फक्त.”

“दुसरा नमुना नाही.”

मारोतरावांशी वाद घालणं म्हणजे गाढवापुढे गीता. मी नमुना भरायला घेतला. साहेबाशी इंग्रजीत पत्रव्यवहार रुचिता करायची. अर्जदाराची जात? रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी ‘जर्मन’ लिहिलं. पोटजात? रुचिताने विचारलं, साहेबाने बिचाऱ्याने धर्माचं विचारताहेत असं समजून कळवलं, ‘लुथेरन’. तेही लिहिलं. परंपरागत व्यवसाय: कोशाचा व्यापार. १९५० पूर्वीचा रहिवास: करडी, नंतर स्थलांतर. आजपर्यंत मी काढलेल्या वंशावळींमध्ये इतकी देखणी वंशावळ दुसरी नव्हती. साहेबाने सात पिढ्यांची नावं तारखांसकट दिली होती. आमच्या लोकांची तीन पिढ्यांत दमछाक होते.

पण शेवटच्या पानावर मारोतरावांनी बोट ठेवलं. “भाऊबंदाच्या सह्या नाहीत.”

“साहेबाचे भाऊबंद ऑस्ट्रेलियात आहेत.”

“त्यात काय लिवलं हाय वाच. ‘मूळ गावातील दोन ज्येष्ठ भाऊबंद.’ करडीतले पायजे.”

“करडीत जर्मन कुठून आणू?”

“ते तुह्यावर हाय. सह्या नसल्या त फाईल मी पुढं पाठवत नाही. वरून फोन आला त सांगतो, जीवनकडं अटकली.”

आता इथे मी जे केलं, ते केलं. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं, म्हणून लपवत नाही. त्याच वेळी माझा काका बाबुलाल शेडमध्ये बसला होता. आडकूचा धाकटा पोरगा, सत्त्याहत्तर वर्षांचा. रुचिताच्या कागदाचं काय झालं ते विचारायला करडीहून आला होता. आणि त्याच्यासोबत सुखराम, गावच्या तलावात मासे धरणारा, काकाचा जन्माचा सोबती. त्याला मच्छीमार सोसायटीचा फॉर्म भरायचा होता. दोघेही ज्येष्ठ, दोघेही करडीचे. मी प्रतिज्ञापत्र छापलं: ‘आम्ही सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, अर्जदार पीटर फोगल हे आमचे भाऊबंद असून आमचा व त्यांचा मूळपुरुष एकच आहे. हे खोटे आढळल्यास आम्ही शिक्षेस पात्र राहू.’ हा मजकूर मी सातशे वेळा छापला आहे. हात आपोआप चालतात.

“काका, इथं सही कर.”

“कायची होय?”

“रुचिताचा बस्ता उघडाचा हाय, त्याच्यासाठी.”

रुचिताचं नाव ऐकल्यावर काकाने पुढे विचारलं नाही. सुखरामने मात्र मजकूर माझ्याकडून वाचून घेतला आणि अंगठ्यावर शाई लावता लावता थांबला.

“जीवन गा, साहेबाच्या घरी सुतक आलं त आमाले बी धरा लागन काय?”

“नाही धरावं लागत.”

“अना लगन असलं त बोलावन काय?”

“बोलावेल.”

“मंग आन इकडं,” म्हणून त्याने अंगठा उठवला. गावात काकाच्या घराची आणि सुखरामच्या घराची पंगत कधी एक बसली नाही. तहसीलच्या नमुन्याने मात्र दोघांना एका मूळपुरुषाच्या पोटी घातलं, आणि तोही जर्मन.

फाईल पुढे गेली आणि मग मी जन्मात पाहिली नाही अशी घाई पाहिली. वरून तिकडच्या कचेरीला फोन गेला. जो बस्ता महिनाभर ‘आढळून येत नाही’ होता, तो वीस मिनिटांत आढळला. कूलर खिडकीच्या उंचीला यावा म्हणून त्याच्याखाली चार बस्ते रचले होते, त्यातला वरून दुसरा. उन्हाळाभर तिकडचे बाबू माझ्या आजोबाच्या डोक्यावरून येणारी गार हवा खात होते.

फोगलसाहेब जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आले. उंच, गुलाबी, पायात साधे बूट आणि डोळ्यांत सारखं पाणी यायच्या बेतात असलेलं. आधी करडीला नेलं. शाळेच्या पोरांनी लेझीम केलं, बॅनरवर ‘करडीचे सुपुत्र पीटर फोगल यांचे सहर्ष स्वागत’ असं होतं. ज्याला त्याला साहेबाला काहीतरी दाखवायचं होतं. एकाने आंब्याचं झाड दाखवलं, हे तुमच्या पणजोबाने लावलं म्हणून. ते झाड माझ्या लग्नाच्या वर्षी ग्रामपंचायतीने लावलेलं आहे. दुसऱ्याने तलावाच्या पायऱ्या दाखवल्या, त्या रोजगार हमीच्या. साहेब प्रत्येक गोष्टीला हात लावून डोळे पुसत होता. कोशाचं गोदाम कुठे होतं, हे खरं कोणालाच माहीत नव्हतं. तिथे आता धानाच्या बांध्या, आणि रोवण्याला वाकलेल्या बाया. साहेब चिखलात उतरला तर बायांनी त्याच्या हातात धानाची पेंढी दिली आणि खूप हसल्या. साहेब चांगला माणूस होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याच्यावर राग धरायला मला काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी सरकारी बोलेरोतून आम्ही तिकडच्या कचेरीत गेलो: साहेब, मारोतराव, मी, आणि इंग्रजी बोलायला रुचिता. पोहे आले, चण्याचा रस्सा आला, साहेबासाठी खुर्चीवर टॉवेल आला. वहीला लावलेला हात कपाळाला टेकवून तिथल्या बाबूने ती उघडली. १८८६. शाई तपकिरी झालेली, पण अक्षर स्वच्छ. ‘ओटो, बाप योहान फोगल, मौजे करडी.’ जातीच्या रकान्यात त्या वेळच्या कोतवालाने लिहिलं होतं, ‘साहेब’.

रुचिताने समजावून सांगितलं तेव्हा फोगलसाहेब आधी हसला, आणि मग रडला. वहीवर पाणी पडू नये म्हणून मागे सरून रडला. तिथला शिपाईसुद्धा गंभीर झाला. एका म्हाताऱ्याला आपला आजोबा सापडला होता, आणि आजोबाच्या नावासमोर एक शब्दही असा नव्हता की ज्याची लाज वाटावी.

मी तोवर पानं पुढे सरकवत होतो. १९१०. १९११. १९१२ च्या पानावर, पौष महिना, खालून तिसरी ओळ. ‘आडकू, बाप डोमा, मौजे करडी.’ पुढच्या रकान्यात आमची जुनी जात, तीन अक्षरांत. मी म्हटलं, “बाबूजी, या पानाची पण एक नक्कल द्या.”

बाबूने वहीवर पंजा ठेवला. “तुमचा अर्ज?”

“केला होता जूनमध्ये. तुम्ही आढळून येत नाही म्हणालात.”

“तो निकाली निघाला ना मंग. नवीन करा. पंचेचाळीस दिवस.”

“बारा ऑगस्टला पोरीची जागा जाईल हो!”

“आमच्या हातात काही नाही.” त्याचा पंजा मात्र वहीवरच होता.

साहेबाने रुचिताला विचारलं, हे काय चाललं आहे. तिने पानावर बोट ठेवून सांगितलं, हा माझा पणजोबा. साहेब खुर्चीवरून उठला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी भराभर बोलला. रुचिता माझ्याकडे वळली.

“बाबा, ते म्हणतात, मलाही या पानाची नक्कल हवी आहे. आपले दोघांचे पूर्वज एका वहीत आहेत, मी हे पान घेतल्याशिवाय जाणार नाही.”

बाबू तत्काळ उभा राहिला. “सर म्हणतात त काय प्रॉब्लेम हाय? एकच अर्ज हाय, पानं कितीबी घ्या.” दहा मिनिटांत नक्कल तयार, गोल शिक्का, सही, आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं: ‘अर्जदार: श्री. पीटर फोगल’. माझं तिकडे लक्षच गेलं नाही. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं वाटून मी त्या बाबूलाही नमस्कार केला.

घरी आल्यावर नक्कल माझ्या आईला दाखवली. आई, पार्वताबाई, आता जवळजवळ ऐंशीची. तिला वाचता येत नाही. मी ओळ वाचून दाखवली, आडकूचं नाव, डोमाचं नाव, आणि तो पुढचा शब्द. ती नातवाच्या बारशाची बातमी ऐकल्यासारखी खूश होईल असं मला वाटलं होतं.

“तोच शब्द लिवला हाय?” तिने विचारलं.

“तोच. तोच पायजे होता माय.”

“छप्पन साली तुह्या बापाच्या संगं नागपूरले गेली मी. नवी नवरी होती. बाबासाहेबायच्या समोर उभं राहून तो शब्द तिथं टाकून आलो आमी. घरी येऊन देव बी इसरजन केले.” ती कागदाकडे पाहत राहिली. “जे आमी टाकून आलो, ते तू झेराक्स काढून आनलं.”

तिकडे फोगलसाहेब म्हणे नक्कल काचेत मढवून दिवाणखान्यात लावणार होता. आमची तीन प्रतींत साक्षांकित करून समितीला द्यायची होती. रुचिता आजीजवळ बसली आणि म्हणाली, “आजी, त्या शब्दानं आपल्याले जितकं अडवलं, तितकं आता वाट बी द्या लागन त्याले. त्याच्यावर हक्क हाय आपला.” पोरगी शिकली ते वाया गेलं नाही, एवढं त्या क्षणी कळलं.

साहेब परतला, फाईल समितीकडे गेली, आणि अकरा ऑगस्टला सुनावणीला बोलावणं आलं. काकाला आणि रुचिताला घेऊन मी गेलो. सुनावणी घेणारे अधिकारी सभ्य होते, थकलेले होते, आणि त्यांनी फाईल पूर्ण वाचली होती. आमच्या बाबतीत नेमकं हेच कोणी करत नाही, म्हणून मी गाफील राहिलो.

“या नकलेचा अर्जदार पीटर फोगल नावाचा इसम आहे,” ते म्हणाले. “म्हणून दक्षता पथकाकडून मूळ अर्ज मागवला. त्याला एक प्रतिज्ञापत्र जोडलेलं आहे.” त्यांनी ते वर धरलं. मला माझंच टायपिंग दुरून ओळखू आलं. “बाबुलाल आडकू नंदागवळी कोण?”

“मी होय साहेब,” काका उठला.

“तुम्ही शपथेवर लिहून दिलं आहे की फोगल तुमचे भाऊबंद आहेत, मूळपुरुष एक आहे. अर्जात त्यांची जात जर्मन, पोटजात लुथेरन. आणि तुम्ही या मुलीच्या आजोबांचे सख्खे भाऊ. मग या मुलीची जात मी काय समजू? जर्मन ही अनुसूचित जातींच्या यादीत नाही.”

खोलीत एक कारकून हसला आणि लगेच गप्प झाला. मी बोलायला लागलो: साहेब, नमुन्यात भाऊबंद लागतात, फोगलसाहेबाचे भाऊबंद परदेशात, बडे बाबू म्हणाले गावातले हवेत, चूक माझी आहे, मजकूर मी छापला. अधिकारी ऐकत होते. तुमचं समजतं मला, असंही म्हणाले. पण रेकॉर्डवर शपथपत्र आहे.

“मी आडकूचा सख्खा पोरगा हाव साहेब,” काका म्हणाला. “तुमच्या समोर उभा हाव. मले पाहा ना. मी काय जर्मन दिसतो?”

“तोंडी चालत नाही, बाबा. दोनच गोष्टी होऊ शकतात. हे शपथपत्र खरं असेल तर मुलीचा दावा अवैध. खोटं असेल तर ज्यांनी केलं त्यांनी तसं लिहून द्यावं, मी दावा मान्य करतो. पण मग खोटं शपथपत्र केल्याचं प्रकरण मला पोलिसांकडे पाठवावं लागेल. नाही पाठवलं तर उद्या मलाच विचारतील.”

रुचिता उठून उभी राहिली. “मला नको प्रमाणपत्र, साहेब. काकाआजोबांना त्यात ओढू नका.” मी तिच्याकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं, आणि बाप म्हणून मला जे म्हणायला हवं होतं, ते माझ्या तोंडातून निघेना. जागा जाऊ दे, असं मला म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

काकाने तिला हाताला धरून खाली बसवलं. “तू चूप राय वो माय,” तो म्हणाला. मग अधिकाऱ्यांकडे वळला. “आना कागद. काय लिवा लागते?”

तिथल्या कारकुनाने मजकूर सांगितला आणि मी, वंशावळीचा माणूस, तो माझ्या हाताने लिहिला: ‘मी बाबुलाल आडकू नंदागवळी, वय ७७, लिहून देतो की मी यापूर्वी शपथेवर खोटे लिहून दिले. मी खोटे बोललो.’ अक्षर नीट यावं म्हणून मला दोनदा थांबावं लागलं. काकाने वाचून घेतलं.

“सुकरामचं नाव नोका टाकजा याच्यात,” तो म्हणाला. “तो फोगल साहेबाचा भाऊबंद रायला त राहू द्या.”

सही झाली. अधिकाऱ्यांनी कागदावर एक नजर टाकली, मान हलवली, शिक्का उठवला आणि फाईलला लावला. चार वाजता रुचिताच्या हातात प्रमाणपत्र होतं.

आम्ही बाहेर पायरीवर आलो. पाऊस भुरभुरत होता. काका पायरीवरच थांबला आणि काहीतरी मोजल्यासारखा विचार करत राहिला.

“जीवन, एक गोठ सांग. या आताच्या कागदाले दोन साक्षीदार नाही लागले?”

“नाही लागले, काका.”

“पन्नासच्या आंधीचा पुरावा?”

“नाही.”

“मी खोटारडा हाव म्हून लिवलं, अना एका नजरेत मानलं?”

“मानलं.”

“मंग आंधीच सांगाचं होतं ना बापा,” काका म्हणाला. “कायले तू दोन जिल्हे हिंडला?”

तो खरंच हसत होता. मी खाली बसलो आणि तोंड झाकून रडलो. रुचिता बाजूला उभी होती, प्रमाणपत्र भिजू नये म्हणून ओढणीत गुंडाळून, आणि काकाच्या खांद्यावर हात ठेवून.